चवथीआधीची रंगरंगोटी : घरात लहान मूल आणि कुत्रे-मांजर असेल तर

पेडणे/डिचोली : मे महिन्यात शाकारणी आणि चवथीआधी रंगरंगोटी, हे पेडणे आणि डिचोलीतल्या जुन्या घरांचे ठरलेले वेळापत्रक. बांदा-दोडामार्गाकडेही वेगळे नाही. मजुरी परवडत नाही म्हणा किंवा हौस म्हणा, बरेच काम घरचीच माणसे शनिवार-रविवारी उरकतात. त्याच घरात दीड-दोन वर्षांचे मूल आणि सोप्यावर लोळणारा कुत्रा असेल तर मात्र कामाची पद्धत बदलावी लागते.

मोठा धोका जुन्या तेलरंगाचा. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी दारे-खिडक्यांवर चढलेल्या थरांत शिसे असू शकते. पॉलिश पेपरने घासले की त्याची पूड जमिनीवर बसते. मूल रांगते, बोटे तोंडात घालते. मांजर अंग चाटते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो लगेच दिसत नाही. म्हणून लाकूड ओले करून घासावे, खाली प्लास्टिक अंथरावे आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. घासकामाचे दोन दिवस मुलाला आजोळी पाठवले तर उत्तमच.

कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो. तो मूल झोपले असताना, अंगणाबाहेर विरवावा. डोळ्यात उडाल्यास चोळू नये. वाहत्या पाण्याने निदान वीस मिनिटे डोळा धुवून मग इस्पितळ गाठावे. ओले सिमेंटही कातडी भाजते, कुत्र्याचे पंजेसुद्धा.

टर्पेंटाइन किंवा रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवायची सवय आपल्याकडे जाता जात नाही. मुलाने घोट घेतला तर ओकारी काढू नये. ते फुप्फुसात गेले तर जास्त वाईट. मांजराच्या अंगाला तेलरंग लागला तर टर्पेंटाइनने पुसू नये. खाण्याचे तेल चोळून साबणाने धुवावे.

वाळवी लागू नये म्हणून वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावायची जुनी रीत आहे. काजूच्या मुलखात हे सांगायला नको, पण त्याने कातडीला फोड येतात. पूर्ण सुकेपर्यंत खालच्या खोलीत कोणी नको.

पाण्याने भरलेली बादली वा पिंप उघडे ठेवू नये. रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडते. विहिरीचा कठडा बुटका असेल तर रंग राहू दे, आधी जाळी बसवावी.

परसात चिऱ्यांचा किंवा जुन्या कौलांचा ढीग हलवताना कुत्रा बांधून ठेवावा. तिथे फुरसे वा नाग असू शकतो, आणि पहिले नाक खुपसतो तो कुत्राच. छाटलेली कण्हेर जाळू नये, गुरांपुढेही टाकू नये. झाड मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या आणि एरंडाच्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. माटोळीला बांधली जाणारी कळलावी दिसायला देखणी, पण तिचा कंद जीवघेणा. माटोळी उतरवल्यावर ती वेगळी काढावी.

उंदरांचे औषध कामाच्या दिवसांत नकोच. विष खाल्लेला उंदीर मांजर पकडते आणि तीही जाते.

काही गिळल्यास डबा किंवा पानफांदी सोबत घ्यावी, डॉक्टरांचा वेळ वाचतो. गोव्यात आणि महाराष्ट्रातही रुग्णवाहिकेसाठी १०८. विषबाधेबाबत दिल्लीच्या एम्समधील केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक चोवीस तास चालतो. जनावरांसाठी पशुवैद्यच. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नये, एका गोळीनेही ती दगावते.