लेझरआधीचं क्रीम : एका सवयीचा इतिहास

प्रपोजल लिहिताना "ही पद्धत सर्वमान्य आहे" असं वाक्य तुम्हीही कधीतरी लिहिलं असेल. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये होतं. गाईडनी त्याला पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला लिहिलं, "कोणी मान्य केली? कधी? कोणावर करून बघून?" आज या तीन प्रश्नांसाठी एक उदाहरण घेऊ.

चेहऱ्यावरचे मुरुमांचे खड्डे लेझरने घालवायचे असतील, तर आधी काही आठवडे हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असलेलं क्रीम लावायचं, ही जुनी रीत. सावळ्या त्वचेला इजा झाली की ती बरी होताना काळा डाग राहतो. मग रंग तयार होणं आधीच दाबून ठेवलं तर? हिशोब सरळ वाटतो.

आता मागे जाऊ. 1939 मध्ये अमेरिकेतल्या एका टॅनरीत कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे दिसू लागले. कारण निघालं रबरी हातमोज्यांतलं एक रसायन, हायड्रोक्विनोनचंच भावंड. त्वचेचा रंग रसायनाने जातो, हे असं कारखान्यातल्या अपघातातून कळलं. पुढे 1975 मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकत्र करून प्रसिद्ध मिश्रण मांडलं.

दुसरा धागा आपल्याकडचा आहे. सी. कुमार पटेल यांचा जन्म 1938 चा, बारामतीचा. पदवी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची. 1964 मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर तयार केला. त्याचे किरण पाणी शोषून घेतं आणि त्वचेत पाणी भरपूर. त्यामुळे वरचा थर वाफ होऊन उडतो. 1990 च्या दशकात हाच लेझर चेहऱ्यासाठी जोरात वापरात आला आणि क्रीमची रीत त्याला जोडली गेली.

मग 1999 मध्ये वेस्ट आणि ऑल्स्टर यांनी ती तपासली. 100 रुग्ण घेतले. काहींना ग्लायकोलिक ॲसिड, काहींना हायड्रोक्विनोन-ट्रेटिनॉइन, काहींना काहीच नाही. काळे डाग पडण्यात लक्षणीय फरक आढळला नाही! कारण विचार केला तर पटतं. क्रीम ज्या थरावर काम करतं, तो थर लेझर उडवूनच टाकतो. नवी त्वचा रंगवणाऱ्या पेशी केसांच्या मुळांतून, खोलवरून वर येतात.

म्हणजे विषय संपला? इथेच तुमचं काम सुरू होतं. ते रुग्ण फिट्झपॅट्रिकच्या वर्गवारीत पहिल्या ते तिसऱ्या प्रकारचे होते, म्हणजे गोऱ्या त्वचेचे. आपल्या नंदुरबारमधली बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्या प्रकारात येतील. डागांचा धोका खरा त्यांनाच. शिवाय 2004 नंतर फ्रॅक्शनल लेझर आले. ते अख्खा थर काढत नाहीत, मध्ये मध्ये शाबूत त्वचा सोडतात. म्हणजे "थरच उडाला" हे स्पष्टीकरण तिथे जसंच्या तसं लागू होत नाही. त्यामुळे या एका पेपरवरून "क्रीम निरुपयोगी" असं लिहिणं जितकं घाईचं, तितकंच "क्रीम आवश्यक" असं लिहिणंही.

हे फक्त व्हायव्हासाठी सांगत नाही. माझ्या मावसबहिणीने लग्नाआधी मेडिकलवरून अशाच तीन औषधांच्या मिश्रणाची ट्यूब आणली. चिठ्ठी नाही, मुदत नाही. चार महिन्यांनी चेहरा लाल, पुरळ, बारीक लव. स्टेरॉइडचे हे परिणाम पुस्तकात आहेत. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत टाकली. पण घरात "सगळेच लावतात" हे वाक्य आधीच पोचलं होतं. "सर्वमान्य" म्हणतात ते हेच, फक्त बोलीभाषेतलं.

म्हणून लिटरेचर रिव्ह्यूच्या वहीत प्रत्येक पेपरसमोर तीन रकाने आखा : कोणावर, कोणत्या यंत्राने किंवा औषधाने, कधी. जिथे तुमच्या गावची माणसं त्या रकान्यात बसत नाहीत, तिथे खूण करा. तुमचा रिसर्च प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.