सीट किती वर?

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या जॉन्सन पार्कात रॅरिटन नदीच्या काठाने सायकली फिरत असतात. त्यांतला मराठी बाप बहुधा लांबूनच ओळखू येतो. सीट पार खाली दाबलेली, गुडघे पोटाशी आलेले, चेहरा मात्र निर्धास्त. थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा त्याचा लहानपणचा हिशेब. तो शिकला ती सायकल वडिलांची नाहीतर तासाच्या भाड्याची, आणि उंच. आधी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल, मग दांडीवर, आणि सीटवर बसायचं ते उंची वाढल्यावर. भाड्याच्या सायकलीला पाना कोण लावू देणार?

माणसानेच सायकलीच्या मापात बसायचं, ही रीत त्याहून कितीतरी जुनी. १८७०च्या दशकातल्या उंच चाकाच्या सायकलीला साखळी नव्हती; पायडल थेट पुढच्या चाकाला. एका फेऱ्यात लांब पल्ला मारायचा तर चाक मोठं हवं, आणि ते किती मोठं हे पायाच्या लांबीवर ठरे. चप्पल घ्यावी तसं गिऱ्हाईक पायाच्या मापाने ५०-५५ इंची चाक घेई. सीट जवळपास चाकाच्या माथ्यावर, हँडल मांड्यांच्या पुढे आडवं. चाकाला दगड आडवा आला की मागचं चाक उचललं जाई, पाय हँडलात अडकत आणि स्वार डोक्यावर आपटे.

यावर एक तोड न्यू जर्सीतच निघाली. हॅमन्टनच्या जॉर्ज प्रेसीने चाकांची अदलाबदल केली, लहान पुढे आणि मोठं मागे. १८८०च्या त्याच्या पेटंटवरून स्मिथव्हिलच्या एच. बी. स्मिथ कारखान्याने 'स्टार' सायकल काढली. स्वार पुढे फेकला जायचा थांबला. ही सायकल वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या पायऱ्यांवरून उतरवून दाखवण्यात आली, तेव्हाचं छायाचित्रही आहे. पण चढावर मागे कलंडायची नवी भीती आलीच!

खरा तिढा सुटला तो इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत. १८८५मध्ये जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' आणली. साखळीमुळे चाकाचं माप आणि पायाचं माप यांची गाठ सुटली. स्वार जमिनीपासून योग्य उंचीवर असावा, सीट पायडलांच्या आणि हँडल सीटच्या हिशेबात बसावं, आणि हे सगळं हलवता यावं, असा आपला हेतू होता, असं त्याने पुढे सांगितलं. सीटच्या दांड्याला पाना लावायची सोय हा त्या यंत्राचा मोठेपणा, पण कौतुक झालं ते चाकांचं.

सोय आली की तिचा अतिरेकही येतो. १८९०च्या दशकात अमेरिकेतली तरणी पोरं हँडल खाली करून, पाठीची कमान काढून रस्त्यांवरून सुसाट जाऊ लागली. लोक त्यांना 'स्कॉर्चर' म्हणत आणि वाकलेलं हँडल हे उनाडपणाचं लक्षण समजत. शर्यतीत मात्र त्याच वाकण्याला मान. पिस्कॅटवेजवळच्या सॉमरव्हिलमध्ये १९४० पासून शर्यत भरते. पहिली जिंकणारा फर्मन कुग्लर आणि १९४२चा विजेता कार्ल अँडरसन दोघेही दुसऱ्या महायुद्धात गेले; शर्यतीला आज त्यांचीच नावं आहेत.

सीटच्या उंचीचं गणित त्यानंतर आलं. १९६७मध्ये हॅमली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजून तिच्या १०९ टक्के अंतर सीटपासून खालच्या पायडलापर्यंत ठेवायला सांगितलं. घरगुती युक्ती सोपी आहे: सीटवर बसून टाच खालच्या पायडलावर ठेवावी, पाय सरळ झाला की उंची बरोबर, मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. थांबल्यावर मात्र पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत, चवडाच टेकतो. बापाला पटत नाही ते इथेच. वर न्यू जर्सीचा कायदा कायमच्या सीटवरच बसायला आणि दोन्ही हात एकदम हँडलवरून न सोडायला सांगतो. एकासाठी बनवलेल्या सायकलीवर डबलसीटही चालत नाही.

त्या बापाची मुलगी दरवर्षी सीटचा दांडा थोडा वर काढून घेते. त्यावर एक खूण कोरलेली असते. त्या खुणेपुढे दांडा वर काढला तर फ्रेमला तडा जायची भीती, म्हणून खूण दिसू लागली की नवी सायकल पाहायला दुकानात जावं लागतं. तिथला माणूस आधी पायाचं माप घेतो.