चेरीपुरती जमीन

लंडनच्या हाइड पार्कच्या उत्तर कडेला, व्हिक्टोरिया गेटच्या रखवालदाराच्या घरामागे, बुटक्या दगडांची दाटी आहे. ही पाळीव प्राण्यांची दफनभूमी. तिची सुरुवात कुणाच्या फर्मानानं झाली नाही. बार्नेड कुटुंबातली मुलं या बागेत नेहमी येत आणि रखवालदार विनब्रिज यांच्याशी त्यांची चांगली गट्टी होती. 1881मध्ये त्यांचं चेरी नावाचं माल्टीज टेरियर कुत्रं म्हातारपणानं गेलं. त्याला इथंच पुरता येईल का, असं कुटुंबानं विचारलं, आणि विनब्रिज यांनी आपल्या परसात जागा दिली.

पुढे ड्यूक ऑफ केंब्रिज यांच्या पत्नीचा कुत्राही तिथं पुरला गेला आणि बड्या घरांची रीघ लागली. 1903मध्ये जागा भरून दफनभूमी बंद झाली, तोवर तिथं तीनशेच्या आसपास प्राणी होते. काही दगडांवर परलोकात पुन्हा भेट होण्याची आशा कोरलेली आहे. मला यात जाणवतं ते हे, की मुलांच्या कुत्र्यापासून सुरू झालेला हा शोक पाहता पाहता मोठ्यांचा झाला. मुलांना काय सांगितलं गेलं, ते दगडांवर लिहिलेलं नाही.

मुलांना काय कळतं, हे विचारायला बराच काळ जावा लागला. मारिया नाज यांनी बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या 378 मुलांशी बोलून 1948मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, म्हणजे त्यातून परत येता येतं, असं त्यांना आढळलं. पुढच्या अभ्यासकांनी वयाच्या या सीमा इतक्या काटेकोर मानल्या नाहीत. तरी आपल्या घरोघरच्या थापांचं काय होतं, ते इथं कळतं. ‘मोती गावाला गेला’ म्हटलं की मूल रडायचं थांबतं खरं, पण मग ते मोतीची वाट पाहू लागतं. ‘झोपलाय’ म्हटलं तर रात्री स्वतः झोपायला घाबरू शकतं.

1970मध्ये फ्रेड रॉजर्स या अमेरिकी कार्यक्रमकर्त्यानं मुलांच्या मालिकेत मेलेला मासा दाखवला. त्यानं आधी तो मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिला. मासा हलला नाही, तेव्हा त्यानं तो बागेत पुरला आणि लहानपणी आपली मिट्झी ही कुत्री गेली तेव्हा आपण रडलो होतो, हेही सांगितलं. ‘मेला’ हा शब्द त्यानं टाळला नाही.

विनब्रिज आणि रॉजर्स यांच्यात जवळपास नव्वद वर्षांचं अंतर आहे, पण दोघांनीही मुलांच्या दुःखाला क्षुल्लक मानलं नाही. मला वाटतं, ‘दुसरा आणू’ हे वाक्य काही दिवस तरी आवरावं. ‘तो परत येईल का?’ याला ‘नाही’ एवढंच उत्तर द्यावं, आणि खड्ड्यात माती लोटायची असेल तर मुलाला लोटू द्यावी.