फोन ठेवला तरी चालू राहणारे प्रोग्राम

दूरच्या सर्व्हरवर तुम्ही रात्रभर चालणारा प्रोग्राम सुरू केलात, मध्येच इंटरनेट तुटले आणि सकाळी पाहता तर प्रोग्राम बंद पडलेला. असे का होते, याचे उत्तर टेलिफोनच्या तारेत सापडते.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवले, तेव्हा वापरकर्ता टेलिटाइपवर बसे आणि पुष्कळदा मोडेममार्फत फोनवरून संगणकाला जोडलेला असे. फोन ठेवला म्हणजे माणूस निघून गेला, असे यंत्राने समजायचे. मग त्याच्या प्रोग्रामांनी जागा का अडवावी? म्हणून लाइन तुटताच त्या टर्मिनलवरील प्रक्रियांना ‘सिगहप’, म्हणजे ‘हँगअप’चा, संकेत मिळे, तो न हाताळणारी प्रक्रिया तिथेच संपे. आज तारही नाही आणि मोडेमही नाही. तरी एसएसएच जोडणी तुटली की तोच संकेत तुमच्या शेलला येतो आणि बॅशसारखे शेल तो आपल्या कामांकडे पाठवते.

कमांडच्या शेवटी ‘&’ लिहिण्याची सोय फार जुनी आहे, पण विद्यार्थी इथेच हमखास फसतात. ‘&’मुळे शेल त्या कामासाठी थांबून राहत नाही, एवढेच; प्रक्रिया टर्मिनलशी बांधलेलीच असते. ‘नोहप’ ही कमांड मात्र प्रोग्रामला सिगहपकडे दुर्लक्ष करायला लावते.

कायम चालणाऱ्या सेवकांना ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द युनिक्सच्याही आधीचा, १९६३ च्या सुमाराचा, एमआयटीतील प्रोजेक्ट मॅकमधला. मॅक्सवेलने कल्पिलेला, रेणू न थकता निवडत बसणारा जीव त्यांच्या डोळ्यांसमोर होता. शिंगे आणि त्रिशूळ बीएसडीच्या चित्रातून नंतर आले. फर्नांडो कोर्बातो यांच्या आठवणीनुसार पहिला डीमन फायलींच्या प्रती टेपवर उतरवत असे.

युनिक्सवर डीमन होताना प्रक्रिया ‘फोर्क’ करते, मूळ प्रक्रिया संपते, पोरके झालेले अपत्य १ क्रमांकाची ‘इनिट’ प्रक्रिया सांभाळते आणि ‘सेटसिड’ने टर्मिनलशी असलेले नाते तुटते. टर्मिनलच नसल्याने हँगअप येणार कुठून? मग रिकाम्या पडलेल्या सिगहपला अनेक डीमनांनी नवे काम दिले: सेटिंग्जची फाइल पुन्हा वाचणे.

२०१६ मध्ये सिस्टमडीच्या २३० व्या आवृत्तीने लॉगआउट होताच वापरकर्त्याच्या सर्व प्रक्रिया संपवणे हा मूळ पर्याय केला. नोहपही त्यापुढे चालेना, म्हणून मोठा वाद झाला आणि डेबियनने आपल्याकडे तो पर्याय बंद ठेवला. तुमच्या सर्व्हरवर काय ठरवले आहे, ते रात्रीचे काम लावण्याआधी विचारून घ्या.