बीजी वनस्पती

बीजाद्वारे वंश पुढे नेणाऱ्या वनस्पतींचा गट. याचे दोन विभाग आहेत : फळाचे आवरण नसलेल्या बियांचे अनावृतबीजी (सायकस, गिंको, देवदार, सुमारे १,००० जाती) आणि फळात बी धरणारे आवृतबीजी (सुमारे ३ लाख जाती).

बीज नसलेल्या नेचांच्या पुंयुग्मकाला, म्हणजे नर जननपेशीला, अंड्यापर्यंत पोहत जायला पाणी लागते. बीजी वनस्पती या अटीतून सुटल्या. परागकण वाऱ्याने किंवा कीटकांमार्फत पोहोचतो आणि बहुतेकांत परागनलिका पुंयुग्मकाला थेट अंड्यापाशी नेते. गिंकोत जुनी खूण टिकून आहे. त्याचा पराग वाऱ्याने येत असला, तरी शेवटचे अंतर पुंयुग्मक पोहूनच कापतो. साकुगोरो हिरासे यांनी १८९६ मध्ये टोकियोत हे दाखवले, आणि वनस्पतिशास्त्रातल्या अत्यंत सुंदर शोधांत त्याची गणना व्हायला हवी.

आवृतबीजींत फलन दुहेरी असते (सर्गेई नवाशिन, १८९८). एका पुंयुग्मकापासून भ्रूण तयार होतो, तर दुसऱ्यापासून त्याचा अन्नसाठा, म्हणजे पुष्क. शहाळ्याचे पाणी हे द्रवरूप पुष्कच. पुढे पेशी बनून त्याचे खोबरे होते. ज्वारी, गहू व तांदूळ यांच्या दाण्यातला पिठूळ भागही पुष्कच होय. हरभऱ्यात मात्र भ्रूण पुष्क आधीच संपवून अन्न आपल्या दोन दलिकांत, म्हणजे डाळीच्या फाकांत, साठवतो. भिजवलेल्या हरभऱ्याचे साल काढले, की त्या सुट्या होतात. टोकाशी चोचीसारखा दिसतो तो मूलांकुर. भरडताना मूलांकुर आणि दलिका यांचा सांधा तुटतो, म्हणून पेरलेली डाळ उगवत नाही.

वाट पाहण्याची क्षमता हे बीजाचे मोठे बळ. इस्राएलमधील मसाडा येथे सापडलेली सुमारे २,००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये रुजली. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बियाणे राखू शकले ते याच गुणामुळे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभारली. २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली. नॉर्वेतील स्वालबार्ड येथे २००८ पासून जगभरचे बियाणे गोठवून ठेवले जाते. आंबा, फणस, जांभूळ यांची बी मात्र वाळली की मरते. तिच्यासाठी अशी पेढी निरुपयोगी ठरते; या झाडांचे वाण राखायचे, तर मुख्यतः परसात, बागेत आणि रानात उभी झाडेच जपावी लागतात.