धावल्यानंतरचा दमा आणि रक्त पातळ करणारे औषध

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर, तर महिलांना ८०० मीटर धावावे लागते. उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या गावात थंडीच्या पहाटे सराव करणाऱ्या तरुणाला धाव संपल्यावर खोकला आणि छातीत घरघर सुरू झाली, तर ‘याचा दमच कमी’ असे म्हणून विषय संपविला जातो. प्रत्यक्षात तो व्यायामजन्य दमा असू शकतो.

भराभर तोंडावाटे घेतलेली कोरडी, थंड हवा श्वासनलिकांचा ओलावा शोषून घेते. तेथील ‘मास्ट’ पेशी हिस्टामाइनसारखी द्रव्ये सोडतात आणि नलिका आवळल्या जातात. हा त्रास बहुधा धाव थांबल्यानंतर पाच ते दहा मिनिटांत वाढतो व तासाभरात ओसरतो. केवळ धावताना लागणारी धाप निराळी.

याच मास्ट पेशींत हेपॅरिन हे द्रव्यही साठलेले असते. रक्त गोठू न देणारे हेपॅरिनचे इंजेक्शन हृदयविकार, डायलिसिस आणि २०२०-२१ मध्ये कोविड रुग्णांच्या उपचारामुळे अनेक कुटुंबांना परिचित झाले. औषधासाठी ते मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून मिळवितात. अमेरिकेतील मायामी बीच येथील डॉ. ताहिर अहमद व सहकाऱ्यांनी ते वाफेच्या रूपात देऊन पाहिले. १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात व्यायामजन्य दम्याचे अवघे १२ रुग्ण होते. व्यायामापूर्वी हेपॅरिन हुंगल्यास त्यांच्या श्वासनलिका आवळणे टळले. मात्र थेट हिस्टामाइन दिल्यावर होणारे आकुंचन त्याने थांबले नाही. म्हणजेच हेपॅरिन नलिकेचा स्नायू सैल करीत नसून मास्ट पेशींनाच आवर घालत असावे, असा अर्थ निघाला. रक्त पातळ होण्याशी या गुणाचा संबंध नसावा, असे पुढील संशोधनातून सूचित झाले. खरे कुतूहल येथेच आहे.

असे असूनही हेपॅरिन हे दम्याचे मान्यताप्राप्त औषध झालेले नाही. इंजेक्शनची कुपी घरच्या नेब्युलायझरमध्ये ओतण्याचा प्रयोग कोणीही करू नये. धावण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे घ्यावयाचा साल्ब्युटामॉलचा पंप बहुतेकांना उपयोगी पडतो. वारंवार त्रास होणाऱ्यास डॉक्टर स्टिरॉइडयुक्त पंप सुरू करतात. पंपाने सवय लागते हा समज निराधार आहे.

निदानासाठी धावण्यापूर्वी व नंतर स्पायरोमेट्री करतात. पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा १० टक्के किंवा अधिक घटल्यास व्यायामजन्य दम्याचे निदान केले जाते.