पत आणि तांदूळ

कोलकात्याच्या दक्षिणेकडील बेहाला भागात, बडिशा येथे, सावर्ण रायचौधुरी घराण्याची आठचाला आहे. सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांचे हक्क १६९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले ते याच जागी, असे सांगितले जाते. मोबदला १,३०० रुपये. ते रुपये चांदीचे होते. त्यांचे मोल त्यांच्या अंगीच होते.

कागदी नोटेचे मोल मात्र ती काढणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून असते. मराठीतील ‘पत’ हा शब्द अब्रू आणि उधारी या दोहोंना कवेत घेतो तो उगीच नव्हे. जर्मनीत १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागले, तेव्हा ही पत साऱ्या जगादेखत बुडाली. बंगालमध्ये १९४३ साली तसे काही दिसले नाही. रुपयाचा दर युद्धकाळातही १ शिलिंग ६ पेन्स असाच राहिला.

घडत होते ते निराळेच. ब्रिटनच्या वतीने हिंदुस्थानात होणाऱ्या युद्धखर्चाची भरपाई लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि तिच्या आधारावर येथे नोटा निघत. १९३९ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १७९ कोटींच्या नोटा चलनात होत्या. १९४५ अखेर हा आकडा हजार कोटींच्या पुढे गेला होता. त्यातच ब्रह्मदेश पडल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला, १९४२ च्या ऑक्टोबरात वादळाने किनारपट्टी उद्ध्वस्त केली आणि साठेबाजी बोकाळली. डिसेंबरात कोलकात्यात मणामागे १३-१४ रुपये असलेला तांदूळ पुढच्या ऑगस्टमध्ये ३७ रुपयांवर गेला.

शहरातील कारखानदारी व सरकारी नोकरवर्गाला स्वस्त धान्य पुरवले गेले. शेतमजूर, कोळी व कारागीर यांना तो आधार नव्हता, आणि त्यांची मिळकत भावाबरोबर वाढली नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये या दुष्काळाची हीच मीमांसा मांडली. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘अशनि संकेत’ कादंबरीतही दूरचे युद्ध खेड्यात पोहोचते ते तांदळाच्या भावातून. चोवीस परगण्यातून भुकेले लोक कोलकात्याकडे निघाले. त्या जिल्ह्यातून शहरात येणारा डायमंड हार्बर रस्ता बेहालामधूनच जातो.

मृतांची संख्या दुष्काळ चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख मानली. सेन यांचा अंदाज त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. लंडनच्या हिशेबवह्यांत रुपयाची पत अखेरपर्यंत शाबूत होती. मजुराच्या मुठीतील रुपयाची पत मात्र केव्हाच गेली होती, आणि तिची नोंद कोणत्याही विनिमयदरात झाली नाही.